पडदा कुठे लावलेला असतो

नाशिकच्या शालिमार चौकापासून आमच्या बँकेच्या शाखेपर्यंत चालत जायला सहा मिनिटे लागत, आणि त्या सहा मिनिटांच्या वाटेवर एक परमिट रूम होती. बावीस वर्षे मी रोज दोनदा तिच्यासमोरून गेले, पण आतले टेबल किंवा खुर्ची मला कधी दिसली नाही, कारण दाराला मरून रेक्झिनचा एक जाड पडदा होता आणि त्याची खालची कड पावसाळ्यातल्या चिखलाने वाळून पत्र्यासारखी कडक झालेली होती. संध्याकाळी परतताना त्या पडद्यातून माणसे बाहेर पडताना दिसत. आधी एक हात येई, मग मान, मग ती मान डावीकडे आणि उजवीकडे वळे, आणि ओळखीचे कोणी नाही याची खात्री झाल्यावरच उरलेला माणूस रस्त्यावर उतरे. आमचे दोन खातेदार आणि एकदा आमचेच एक अधिकारी मला असे हप्त्याहप्त्याने बाहेर येताना दिसले. त्यांनी मला पाहिले आणि मी त्यांना पाहिले, पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर आम्ही दोघांनीही काहीच पाहिलेले नव्हते.

पडद्याच्या आत जाण्याचा प्रसंग माझ्यावर एकदाच आला. १९९१ साली माझ्या नवऱ्याला बढती मिळाली आणि बाहेर जेवायचे ठरले. त्याच्या मित्राने सुचवलेल्या हॉटेलात खाली परमिट रूम होती आणि वर 'फॅमिली रूम'. वरचा जिना इमारतीच्या कुशीतून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून चढत होता. वर प्लायवूडचे कप्पे पाडलेले होते आणि प्रत्येक कप्प्याला पुन्हा स्वतःचा छोटा पडदा होता. म्हणजे समाजापासून लपलेल्या कुटुंबांनी एकमेकांपासूनही लपायचे, अशी ती योजना होती. वेटर पूर्ण वेळ माझ्या नवऱ्याशीच बोलला. मी स्वतः "मला एक बिअर चालेल" म्हटले, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता नवऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "मॅडमना खरंच देऊ ना साहेब?" नवरा हसला, मीही हसले, बिअर आली, ती कोमट होती. फिनेलचा वास आणि कोमट बिअर यांची जोडी माझ्या मनात पुढे पाच वर्षे टिकली.

हे सगळे सांगायचे कारण असे की, गोव्यातल्या जुन्या दारूच्या दुकानांविषयी लिहायला मी बसले आहे आणि त्यांच्याकडे मी काय पाहिले ते या पडद्यावाचून समजणार नाही. मी मोठी पिणारी नाही. एका संध्याकाळी एक ग्लास, फार तर दोन. पण १९९६ पासून आजवर मी गोव्याला अकरा वेळा गेले आणि त्यातल्या नऊ वेळा एकाच दुकानात जाऊन बसले.

पहिल्या वेळी आम्ही एस.टी.ने गेलो होतो. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण झालेली नव्हती, ती १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्यानंतर नाशिकरोडला मंगला एक्सप्रेसमध्ये बसून थेट मडगावला उतरण्याची सोय झाली. पण त्या वर्षी पुणे, कोल्हापूर, आंबोली घाट, सावंतवाडी असे करत, सात वर्षांच्या मुलीला दोनदा उलटी होऊन, आम्ही पणजीला पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा आणि मुलगी लॉजवर झोपले आणि मी एकटी फोंताइन्हासमध्ये फिरायला गेले. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेला हा जुना वाडा पणजीतले लोक मळा म्हणून ओळखतात. अरुंद गल्ल्या, पिवळ्या आणि निळ्या भिंती, खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यांच्या चकत्या, आणि सान सेबास्तियांवांचे छोटे पांढरे कपेल, म्हणजे चॅपेल. मार्च महिना होता, तहान लागली होती. एका उघड्या दारातून मला साबणाच्या वड्या, मेणबत्त्या, काड्यापेट्यांचे पुडे आणि बरण्या मांडलेले फळकूट दिसले. किराणा दुकान समजून मी आत गेले आणि थंड पेय मागितले.

आत एक लांब बाक, दोन टेबले, तीन म्हातारे आणि काउंटरमागे पन्नाशीची एक बाई होती. "कितें जाय?" तिने विचारले. मी पुन्हा लिंबू-सोडा सांगितला. तो हातात आल्यावर मग माझे लक्ष गेले की, साबणांच्या वरच्या फळीवर बाटल्या आहेत, त्यांच्या वर येशूच्या चित्रापुढे एक लाल दिवा आहे, आणि तिघा म्हाताऱ्यांच्या पुढ्यात ग्लास आहेत. मी दारूच्या दुकानात एकटी बसले होते. दार सताड उघडे होते. रस्त्यावरून शाळेची मुले जात होती, आणि त्यातला एक मुलगा आत येऊन, दप्तर बाकावर टाकून, काउंटरच्या मागे गेला.

तिथे पडदा होता. फुलाफुलांचा, सुती, धुऊन धुऊन विटलेला. पण तो रस्त्याच्या बाजूला नव्हता, काउंटरच्या मागे होता, आणि त्याच्या पलीकडे त्या बाईचे घर होते. मुलगा पडदा सारून आत गेला तेव्हा क्षणभर जेवणाचे टेबल, भिंतीवरचे घड्याळ आणि एक शिलाई मशीन दिसले. दारू पिणारे लोक जगाला दिसत होते आणि झाकायचे काय होते, तर घरातला स्वयंपाक. नाशिकच्या पडद्याला मी बावीस वर्षांत जेवढे समजू शकले नव्हते तेवढे मला त्या लिंबू-सोड्याच्या अवधीत समजले.

गोव्यात अशा जागेला तावेर्न म्हणतात. पोर्तुगीज शब्द आहे, पण आता तो इतका रुळला आहे की परका वाटत नाही. एकाच खोलीत किराणा, दारू, खारे दाणे, उकडलेली अंडी, कधी चोरीस पाव (म्हणजे गोव्याचे सॉसेज घातलेला पाव), आणि गावाच्या बातम्या. मृत्यूची खबर आधी इथे येते आणि मग चर्चची घंटा वाजते, असे त्या बाईनेच मला सांगितले. तिचे आणि दुकानाचे नाव मी देणार नाही. तिला गर्दी आवडत नाही, आणि बाकावर सात माणसांपेक्षा जास्त मावत नाहीत.

बँकेतल्या माणसाला कुठल्याही दुकानात आधी हिशेबाची वही दिसते. तिची वही लांबट, लाल कापडी पाठीची होती, आपल्याकडच्या वाण्याच्या वहीसारखीच. दुसऱ्या भेटीत मी ती मागून पाहिली. कोकणी मजकूर, पण रोमी लिपीत, तिरप्या कॉन्व्हेंटी अक्षरात. नावे नव्हती, टोपणनावे होती: 'घंटा' म्हणजे कपेलची घंटा वाजवणारा, 'दोन नंबर' म्हणजे दोन क्रमांकाच्या घरातला, 'फेरी' म्हणजे मांडवीवरच्या फेरीबोटीवर काम करणारा. पगार झाला की 'फेरी' येई आणि महिन्याची बाकी चुकती करी. थकबाकीचे प्रमाण मी मनात काढून पाहिले. आमच्या शाखेने हेवा करावा इतके ते कमी होते. कारण विचारले तर ती म्हणाली की, ज्याने पैसे दिले नाहीत त्याला इथे बसता येत नाही, आणि इथे बसता आले नाही तर त्याने जायचे कुठे? तारण म्हणून बाकावरची जागा ठेवून घेणारी पतसंस्था मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुकानाच्या वेळाही मला सरकारी वाटल्या. सकाळी साडेदहाला उघडे, एकला बंद, मग जेवण आणि झोप, पाचला पुन्हा उघडे आणि रात्री नऊला बंद. नऊ म्हणजे नऊ. ग्लासात काही उरले असेल तर ती काही बोलत नसे, फक्त लाल दिवा सोडून बाकीचे दिवे मालवत असे. 'नाइटलाइफ' नावाचे जे काही पाहायला लोक गोव्याला येतात त्यातला एक तासही या दुकानाने कधी पाहिलेला नाही.

ते पाहायचा योग मला २०१२ साली आला. भाचा, त्याची बायको आणि त्यांचे मित्र यांच्याबरोबर मी बागा इथे उतरले होते आणि "मावशी, तूसुद्धा चल" या आग्रहाला बळी पडले. तिथली ती प्रसिद्ध गल्ली ज्या टिटोज क्लबच्या नावाने ओळखली जाते तो १९७१ साली टिटो हेन्री डिसूझा यांनी सुरू केला, तेव्हा आजूबाजूला मासेमारांची घरे आणि माडच होते. एका जागेच्या नावाने पुढे अख्खा रस्ता ओळखला जावा, हे काही थोडे यश नाही, आणि एवढी वर्षे टिकलेल्या जागेला केवळ तिथे मोठा आवाज असतो म्हणून नाके मुरडणे मला बरोबर वाटत नाही. पण मी तिथे जे दोन तास काढले त्यात मला मनगटावर कागदी पट्टा बांधला गेला, कोणाचेही वाक्य पूर्ण ऐकू आले नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या मुलांपैकी एक माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपला. झोपेत तो चांगला दिसत होता. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे, २००० सालच्या नियमांनुसार ती सगळ्या देशात आहे, आणि म्हणून दहा वाजता सगळे संगीत बाहेरून उचलून बंद दारांआड नेले जाते. दाराला जाड काळे पडदे होते. मला एकदम शालिमारची आठवण झाली.

किनाऱ्यावरचे शॅक हा तिसराच प्रकार. पर्यटन खात्याच्या परवान्यावर ते पावसाळा संपल्यावर उभे राहतात आणि पुढचा पाऊस यायच्या आधी उतरवले जातात. बांबू, झापे, चटया, सगळे सुटते आणि गाडीत भरले जाते. त्यांना भिंतच नसते, तर पडदा कुठून असणार. तिथे बसायला मला आवडते, पण पुढच्या वर्षी तोच शॅक त्याच जागी सापडेल याची काही शाश्वती नाही, आणि सापडला तरी वाढणारा मुलगा नवा असतो.

मी तावेर्नकडे परत येते, कारण दारू हा पदार्थ म्हणजे काय हे मला तिथेच कळले. २००३ च्या एप्रिलमध्ये त्या बाईच्या दिराची काजूची बाग पाहायला आम्ही सत्तरी तालुक्यात गेलो. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणला. आपल्याकडे काजूगर महाग आणि बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकते ते फळ, फुकट असतो. तिथे बोंडवाला मान आहे. झाडावरचा बोंडू तोडत नाहीत, पिकून आपोआप पडलेलाच गोळा करतात. बी पिळून वेगळी काढायची आणि फळे कोळंबीत टाकायची. कोळंबी म्हणजे खडकात कोरलेले उथळ टाके. त्यात उतरून माणसे बोंडू तुडवतात. आता बरेच जण यंत्राने रस काढतात, पण दिराचा पायांवर विश्वास होता. तुडवून झाले की चोथ्याचा ढीग रचून वेलीने आवळायचा आणि वर धोंडा ठेवायचा. त्यातून जो स्वच्छ रस ठिबकतो तो निरो. मला त्यांनी पहिल्यांदा निरोच दिला. फिकट पिवळा, गोड, घशाला जरा खरखरीत. त्यात दारूचा थेंब नसतो आणि तो संध्याकाळपर्यंतच प्यायचा, कारण दुसऱ्या दिवशी तो आपल्या मार्गाला लागलेला असतो.

आंबलेला रस भाण नावाच्या मोठ्या भांड्यात भरून लाकडावर तापवतात. भाणातून निघालेली नळी लावणी नावाच्या भांड्यात उतरते, आणि लावणीवर कोणीतरी सतत पाणी ओतत बसावे लागते, कारण ते भांडे तापले तर वाफ परत द्रव होत नाही. ओतणारी बाई दिराची आई होती. सत्तरीच्या पुढची ती बाई एका करवंटीने पाणी ओतत आणि दुसऱ्या हाताने तंबाखू मळत बसली होती, आणि तिचे लक्ष ना करवंटीकडे होते ना तंबाखूकडे, तरी पाण्याची धार एकदाही चुकली नाही. पहिल्या धारेची ती उर्राक. हलकी, फळाचा वास असलेली, फक्त त्या दोनअडीच महिन्यांत मिळणारी. मीठ, लिंबू, मधोमध चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिंबाचे थंड पेय घालून ती पितात. उर्राक पुन्हा रसात मिसळून गाळली की फेणी होते, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास कडक, वर्षभर टिकणारी. ग्लासात उंचावरून ओतली तर तिच्या कडेला फेसाचे मणी धरतात आणि जाणते लोक त्या मण्यांवरून तिचा कस सांगतात. फेसाला फेण म्हणतात, त्यावरून फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. दिराला याचे विशेष काही वाटले नव्हते. वास अजून तोच येतो, एवढेच तो म्हणाला.

वासाबद्दल खोटे बोलणार नाही. पहिल्या वेळी फेणी नाकाशी नेली तेव्हा मला रंगाच्या दुकानात शिरल्यासारखे वाटले होते. ती आवडायला मला तीन भेटी लागल्या.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट डोक्यातून जाईना. बांद्याचा तपासणी नाका ओलांडला की महाराष्ट्र लागतो. झाडे तीच, जमीन तीच, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काजूच्या किती तरी सुधारित जाती तयार झालेल्या. पण नाक्याच्या अलीकडच्या शेतकऱ्याने त्याच बोंडवाची दारू अंगणात गाळली असती तर दारात पोलीस आले असते. आपला कायदा १९४९ सालचा, आणि त्याचे नावच दारूबंदीचे. त्याच्या दृष्टीने पिणे हा अपवाद आहे, आणि अपवादाला परवाना लागतो, म्हणून आपल्याकडच्या बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असे लिहिलेले असते. ही दोन शब्दांची पाटी मी बावीस वर्षे वाचली, पण तिचा अर्थ 'इथे बसायची तुम्हाला मुभा दिलेली आहे' असा आहे, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. गोव्याचा कायदा १९६४ सालचा आणि तो अबकारी कराचा आहे. तिथल्या सरकारला दारूकडून पैसे हवे आहेत, इकडच्या सरकारला पैसे हवे आहेत आणि शिवाय आपण खाली मान घालायला हवी आहे. (दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे मी कर्जवसुलीच्या निमित्ताने आतून पाहिलेली आहेत, नाशिकमध्येही आणि नात्यातही. बंदीने त्यातले एकही घर वाचले नाही, एवढाच माझा अनुभव.) मुंबईत कडक बंदीच्या काळात घराच्या मागच्या खोलीत दारू विकणाऱ्या बायकांना लोक आंटी म्हणत. गोव्यात ही बाई पुढच्या खोलीत बसत होती. मी मात्र तिला पहिल्या दिवसापासून आंटीच म्हणत आले, आणि हे लिहीपर्यंत त्या शब्दाकडे माझे लक्ष गेले नव्हते.

कायद्याने तिलाही कधी त्रास दिला नाही असे नाही. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकाने बंद करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. गोव्यासारख्या चिंचोळ्या प्रदेशात पाचशे मीटर म्हणजे केवढे, हे नकाशावर बोट ठेवल्याशिवाय कळत नाही. त्या वर्षी तिच्याकडे गेले तेव्हा बाकावरची चर्चा फक्त मोजमापाची होती: रस्त्याच्या मध्यापासून मोजायचे की कडेपासून, सरळ रेषेत की चालण्याच्या वाटेने. मी नाशिकला परतले तर पुणे रस्त्यावर हॉटेलांच्या पाट्यांवरचे 'बार' एवढेच अक्षर काळ्या रंगाने पुसलेले होते, बाकी पाटी जशीच्या तशी. काही महिन्यांनी न्यायालयाने शहरी हद्दीतल्या दुकानांना वगळले आणि तो काळा रंग हळूहळू निघाला. तिचे दुकान वाचले. पण म्हापशाकडच्या रस्त्यावरचे तिच्या भावाचे दुकान तेवढ्यात बंद पडले आणि पुन्हा उघडले नाही, कारण उघडायला घरात कोणी राहिले नव्हते.

जुनी तावेर्ने बंद पडतात ती बहुतेक याच कारणाने. जागा स्वतःची, परवाना वडिलांच्या नावाचा, नोकर नाहीत, भाडे नाही, त्यामुळे दिवसाला वीस गिऱ्हाइके आली तरी ते चालते. पण घर चालले पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि त्या पासपोर्टावर किती तरी घरे इंग्लंडला गेली. आंटीचा थोरला मुलगा स्विंडनला आहे, तिथे इतके गोवेकर आहेत की त्याला कोकणी विसरायची सोय नाही. दप्तर बाकावर टाकून आत गेलेला मुलगा तो धाकटा. तो पणजीतच एका औषध कंपनीत कामाला लागला. त्याच्या बायकोला दुकानात बसायचे नाही, आणि मला तिचे म्हणणे समजते. सासूने काउंटरवर काढलेली चाळीस वर्षे आपल्याला जेवढी रम्य वाटतात तेवढी ती सुनेला वाटावीत असा काही नियम नाही.

जी बंद होतात त्यांतली काही नव्या मालकांच्या हाती जाऊन पुन्हा उघडतात. पणजीतल्याच सां तोमेमधला जोसेफ बार आता चांगलाच गाजलेला आहे. खोली काडेपेटीएवढी, आणि संध्याकाळी लोक ग्लास घेऊन बाहेरच्या रस्त्यावर उभे असतात. मी तिथे कोकम घातलेली फेणी प्यायले आणि ती मला आवडली. शेजारी उभ्या असलेल्या मुलींपैकी एक नाशिकच्या इंदिरानगरची निघाली. असल्या जागांना नकली म्हणायची एक पद्धत आहे, ती मला पटत नाही. कोणीतरी जुन्या फरशा जपल्या, उर्राकला पुन्हा प्रतिष्ठा दिली, आणि विशीतल्या मुलींना रस्त्यावर निवांत उभे राहून पिता येते, यात वाईट काय आहे. फक्त मी सवयीने काउंटरच्या मागे पाहिले, तर तिथे पडदा नव्हता. सुरेख कपाटे होती आणि त्यांच्या मागे भिंत.

आपल्याकडेही गोष्टी थांबलेल्या नाहीत. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांमधल्या वायनरीत मी बँकेतल्या मैत्रिणींबरोबर गेले होते. आम्ही सहाजणी, सगळ्या साठीच्या आसपास, सहा ग्लास, समोर पाणी, भर दुपार. वेटरने प्रत्येकीला स्वतंत्रपणे विचारले, "मॅडम, तुमच्यासाठी?" मी उगाचच भारावून गेले आणि त्याला गरजेपेक्षा जास्त टिप दिली. परत येताना गाडी शालिमारवरून घेतली. परमिट रूम आहे. मरून पडदा जाऊन काळी काच आली आहे, तिच्यात आपलेच तोंड दिसते.

शेवटची भेट २०२४ च्या एप्रिलमधली. नवरा गुडघ्यांमुळे आला नाही, मी एकटीच मंगलाने गेले. आंटी आता ऐंशीला टेकली आहे. बाकावर दोनच जण होते. सहाच्या सुमाराला पडद्यामागून करपल्याचा वास आला आणि ती उठली. "मात्शें पळय गो," असे म्हणून, म्हणजे जरा बघ, ती आत गेली. पडदा हलला आणि स्थिर झाला. काउंटरमागची ती अर्धा हात रुंद जागा मोकळी पडली आणि मी तिथे जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात चौकटीच्या शर्टातला एक म्हातारा रस्त्यावरून आत आला. त्याने मला पाहिले, आश्चर्य काही दाखवले नाही, आणि दोन बोटे आडवी धरली. पितळेचे माप कुठे असते ते मला अठ्ठावीस वर्षे माहीत होते. मी बाटली उचलली, माप भरले, ग्लासात ओतले. त्याने ग्लास उजेडाकडे धरला, फेसाचे मणी पाहिले, मग पातळी पाहिली. "चड जालें," तो म्हणाला. जास्त झाले. पण परत काही केले नाही, उभ्याउभ्या प्याला, ग्लास उलटा ठेवला आणि वहीकडे बोट दाखवून निघून गेला.

वही उघडली तर त्याचे टोपणनाव कोणते ते मला ठाऊक नव्हते. मी तारीख घातली, 'चौकटीचा शर्ट, एक माप, थोडे जास्त' असे देवनागरीत लिहिले आणि बँकेतल्या सवयीने खाली छोटी सही केली. आंटी बाहेर आली, चष्मा लावून ती ओळ तिने दोनदा पाहिली. देवनागरी तिला नीट वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. ती हसली, पेन घेतले, आणि माझ्या ओळीच्या खाली तीच नोंद तिच्या तिरप्या रोमी अक्षरात पुन्हा लिहिली. माझी ओळ तिने खोडली नाही. 'थोडे जास्त' मात्र तिच्या ओळीत नव्हते.